आयोडीनच्या द्रावणात पाच ग्रॅम आयोडाइड कमी पडले तेव्हा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रकरण एका तालुक्याच्या गावातल्या विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

एसवायबीएस्सीच्या (बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या) प्रात्यक्षिकांत क जीवनसत्त्वाच्या गोळीचे टायट्रेशन (दुसरे द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजणे) दरवर्षी असते. औषधाच्या दुकानात मिळणारी ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी खलात कुटतात. उकळून थंड केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल घालून त्यात ती विरघळवतात आणि द्रावण १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरतात. गोळीतला न विरघळणारा भाग खाली बसला की वरचे २० मिली पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतात, १ मिली स्टार्च घालतात आणि ब्युरेटमधून ०.०५ मोलर आयोडीन सोडतात. टिकून राहणारा पहिला निळा रंग हा एंड पॉइंट.

अॅस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या, एका रेणूला आयोडीनचा एक रेणू लागतो. म्हणून ०.०५ मोलर आयोडीनचा १ मिली म्हणजे ८.८०६ मिलिग्रॅम अॅस्कॉर्बिक आम्ल. २० मिलीत १०० मिलिग्रॅम असेल, तर ब्युरेटचे रीडिंग ११.३६ मिलीच्या आसपास यायला हवे.

आयोडीनचे द्रावण करण्याची नेहमीची रीत जुनी आहे. १ लिटरच्या काचेच्या बुचाच्या फ्लास्कमध्ये २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड (केआय) थोड्या पाण्यात, ३० ते ४० मिलीत, विरघळवायचे. त्यात १२.७ ग्रॅम आयोडीन टाकून बूच लावायचे आणि न तापवता हलवत राहायचे. सगळे विरघळले की पाण्याने १ लिटर करायचे.

त्या वर्षी केआयची बाटली संपत आली होती आणि नवी मागणी मंजूर व्हायची होती. भारतात आयोडीन बहुतांशी बाहेरून येते. उत्पादनात चिली पहिला आणि त्यामागे जपान. त्यामुळे आयोडीन आणि केआय या दोन्ही बाटल्या कपाटातल्या महागड्या बाटल्यांत मोडतात. 'केआय २० ऐवजी १५ ग्रॅम घ्या,' असे ठरले. प्रयोगशाळा सहायकाने १५ ग्रॅम केआय २० मिली पाण्यात विरघळवले, त्यात आयोडीन टाकले आणि पाहिले तर सगळे आयोडीन व्यवस्थित विरघळले. मग लिटर पुरे केले. शंका घ्यावी असे काही दिसलेच नाही.

अडचण

सकाळच्या बॅचची रीडिंग १२.८ मिलीच्या आसपास आली. हिशेब केला की गोळीत ५६४ मिलिग्रॅम. दुपारच्या बॅचला त्याच फ्लास्कमधले द्रावण बाकावरच्या उघड्या बीकरमध्ये दिले होते. त्यांची रीडिंग १३.३, म्हणजे ५८६ मिलिग्रॅम. गोळ्या एकाच पाकिटातल्या होत्या.

पहिले स्पष्टीकरण लगेच पुढे आले. क जीवनसत्त्व साठवणीत हळूहळू नासते, म्हणून गोळीत थोडे जास्त भरण्याची पद्धत औषधनिर्मितीत आहेच. हे खरे आहे, आणि सकाळच्या आकड्यापुरते ते पटण्यासारखेही होते. अनेक प्रयोगशाळांत विषय इथेच संपतो: वहीत ५६४ लिहिले जाते, शेरा 'लेबलपेक्षा जास्त', आणि सही होते. इथे ते झाले नाही, कारण दुपारचे आकडे आडवे आले. गोळीत जास्त भरले असेल तर ते सकाळी आणि दुपारी सारखेच जास्त असायला हवे.

त्यातही एक पेच होता. अॅस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण हवेत राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि रीडिंग कमी येते. दुपारी रीडिंग वाढले होते. म्हणजे बदल गोळीच्या द्रावणात नव्हता, ब्युरेटमधल्या आयोडीनमध्ये होता. खातरी करायला शिक्षिकेने दोनच उलटसुलट चाचण्या घेतल्या: सकाळी केलेल्या गोळीच्या द्रावणाला झाकून ठेवलेल्या फ्लास्कमधले आयोडीन, आणि ताज्या गोळीच्या द्रावणाला बाकावरच्या उघड्या बीकरमधले आयोडीन. पहिल्याचे रीडिंग सकाळसारखे आले, दुसऱ्याचे दुपारसारखे. संशयित एकच उरला.

मग आयोडीनच हायपोने (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने) तपासले. हायपो त्याच दिवशी पोटॅशियम आयोडेटवर प्रमाणित करून ०.१ मोलर असल्याचे पाहून घेतले होते. फ्लास्कमधल्या २५ मिली आयोडीनला २५ मिली हायपो लागायला हवा होता. लागला २२.५, म्हणजे तीव्रता ०.०४५०. उघड्या बीकरमधल्या २५ मिलीला २१.७ लागला, म्हणजे ०.०४३४. हे दोन आकडे घेऊन सकाळ-दुपारची रीडिंग पुन्हा मांडली तेव्हा दोन्ही बॅचची गोळी जवळजवळ एकाच वजनावर आली.

आता प्रश्न दुसराच झाला. १२.७ ग्रॅम आयोडीन तोलून घातले होते आणि ते डोळ्यांदेखत विरघळले होते. मग दहावा हिस्सा गेला कुठे?

आयोडीनचे द्रावण इतके गडद असते की फ्लास्कच्या तळाशी काय आहे ते उजेडात धरूनही कळत नाही. फ्लास्क तिरपा करून, द्रावणाचा थर पातळ होईल तिथे मागून टॉर्च धरला, तेव्हा तळाच्या कडेला काळ्या, चमकदार, अभ्रकाच्या कपच्यांसारख्या बारीक पट्ट्या हलताना दिसल्या. ते आयोडीनचे स्फटिक होते. विरघळलेले आयोडीन पातळ केल्यावर परत बाहेर पडले होते.

रेणूत काय घडते

इथे खरे उत्तर हॅलोजनच्या बंधात आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

हॅलोजनच्या रेणूत दोन अणूंमध्ये एकच सहसंयुज बंध असतो. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन. त्यांतला एक भागीदारीत जातो आणि बाकीच्या सहांच्या तीन एकाकी जोड्या राहतात. दोघांचे अष्टक पूर्ण. अकरावीत शिकलेले हे ठिपक्यांचे चित्र बरोबर आहे, पण त्यात तिसऱ्या कोणाला जागाच दिसत नाही. मग आयोडाइड आयन आयोडीनच्या रेणूला कुठे जोडला जातो, ते या चित्रातून कळत नाही.

त्यासाठी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन जिथे असण्याची शक्यता असते त्या जागा) मांडून पाहावी लागतात. दोन अणूंच्या पी ऑर्बिटलांत मिळून दहा इलेक्ट्रॉन असतात. दोन सिग्मात, चार पायमध्ये (ही बंध जोडणारी), चार पाय-स्टारमध्ये (ही बंध सैल करणारी) बसतात. पाय आणि पाय-स्टार एकमेकांचा परिणाम पुसतात, उरतो सिग्माचा एक बंध. सर्वांत वरचे सिग्मा-स्टार मात्र रिकामे राहते. त्याचे पसरट पाळे रेणूच्या दोन्ही टोकांना, बंधाच्याच रेषेत, बाहेर आलेले असतात. इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन येणाऱ्या कोणालाही शिरायची वाट तीच.

आयोडाइड त्या टोकाने येतो आणि आपली जोडी त्या रिकाम्या ऑर्बिटलशी वाटून घेतो. ट्रायआयोडाइड आयन तयार होतो, आणि तो सरळ रेषेत असतो. सिग्मा-स्टार हे बंध सैल करणारे ऑर्बिटल असल्याने मूळचा बंध ताणला जातो. वायुरूप आयोडीन रेणूतले २६७ पिकोमीटरचे अंतर ट्रायआयोडाइडमध्ये सुमारे २९२ होते. दोन्ही बाजूंचे बंध सारखे होतात, चार इलेक्ट्रॉन तीन अणूंना धरून ठेवतात आणि प्रत्येक बंध अर्ध्या बंधाइतकाच राहतो.

हा अर्धा बंध सहज जुळतो तसा सहज तुटतोही. पाण्यात आयोडीन, आयोडाइड आणि ट्रायआयोडाइड यांचा समतोल सतत चालू असतो. २५ अंश सेल्सिअसला त्याचा स्थिरांक सुमारे ७१० आहे. ब्रोमीनसाठी हाच आकडा १६ ते १७, आणि क्लोरीनसाठी ०.२ च्या आसपास.

या उतरंडीचे कारण विद्यार्थी बहुधा 'आयोडीनचा बंध कमजोर असतो' असे सांगतात. ते पुरेसे नाही. बंध एन्थाल्पी पाहिली तर क्लोरीन २४२, ब्रोमीन १९३, आयोडीन १५१ किलोजूल प्रति मोल, इथवर उतार सरळ आहे. पण फ्लोरीनचा आकडा १५८ आहे, म्हणजे आयोडीनच्या अगदी शेजारी. फ्लोरीनचे अणू इतके लहान आणि १४२ पिकोमीटरवर इतके खेटून असतात की त्यांच्या एकाकी जोड्या एकमेकींना रेटतात, म्हणून तो बंध कमजोर. तरीही फ्लोरीन पाण्यात फ्लोराइडला धरून बसत नाही, उलट पाण्यावरच तुटून पडतो. तेव्हा बंध किती कमजोर आहे यापेक्षा सिग्मा-स्टार किती खाली आहे, किती पसरट आहे आणि आजूबाजूला तिसऱ्या अणूला दाटी होते की नाही, यावर सगळे ठरते. आयोडीन मोठा, त्यात दाटी नाही, आणि रिकामे ऑर्बिटल हाताशी.

आता फ्लास्ककडे परत. शुद्ध पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ०.३३ ग्रॅम आयोडीन विरघळते, म्हणजे ०.००१३ मोलर. बाकी सगळे आयोडीन ट्रायआयोडाइडच्या रूपातच राहू शकते. पाणी आयोडीनने संपृक्त असताना किती आयोडाइड बांधला जातो, ते ७१० ला ०.००१३ ने गुणले की कळते: उत्तर ०.९३ च्या आसपास. म्हणजे बांधलेला आणि मोकळा आयोडाइड जवळजवळ सारखे. साधा अर्थ असा की पातळ द्रावणात केआयच्या मोलांच्या निम्म्याच्या आसपासच आयोडीन सामावते.

१५ ग्रॅम केआय म्हणजे ०.०९०४ मोल. त्याच्या निम्म्याच्या आसपास, अधिक पाण्यात विरघळणारे ते थोडेसे, मिळून ०.०४५ मोल. हायपोने दाखवलेला आकडा हाच. राहिलेले ०.००५ मोल, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या वर आयोडीन, तळाशी. ०.०५ मोलर द्रावणाला किमान १६ ते १७ ग्रॅम केआय हवेच. २० ग्रॅमची रीत या काठाच्या जरा वर आहे, एवढेच.

मग २० मिलीत सगळे विरघळलेले कसे दिसले? संहत द्रावणात मोकळा आयोडाइड भरपूर असतो. शिवाय पेंटाआयोडाइडसारखे मोठे आयन बनतात आणि एका आयोडाइडमागे जास्त आयोडीन सामावते. पाणी घालून लिटर केले की हे मोठे आयन मोडतात, ट्रायआयोडाइडही काही प्रमाणात सुटतो आणि मोकळे झालेले आयोडीन पाण्याला पेलत नाही. स्फटिक हळूहळू, काही तासांत बसतात. त्यामुळे लिटर केल्या केल्या पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

दुपारी आयोडीनची तीव्रता घसरली त्याचेही मूळ तेच. ज्या द्रावणाच्या तळाशी आयोडीनचे स्फटिक आहेत, त्यावरचा आयोडीनचा बाष्पदाब घन आयोडीनच्या बाष्पदाबाइतकाच असतो, २५ अंशांना सुमारे ४० पास्कल. म्हणजे पंख्याखाली बाकावर ठेवलेला तो बीकर उघड्या आयोडीनच्या बशीइतक्याच जोराने बाष्प सोडत होता.

पर्याय

स्फटिक दिसल्यावर विभागात जे उपाय सुचले, त्यांतले काही तिथल्या तिथे बाद झाले.

फ्लास्क गरम करून स्फटिक विरघळवावेत, ही सूचना सर्वांत आधी आली. ती चुकीची होती. तापवल्याने आयोडीनची पाण्यातली विद्राव्यता वाढते हे खरे, पण ट्रायआयोडाइड बनण्याची क्रिया उष्णता सोडणारी असल्याने तो समतोल मागे सरकतो. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळपास कापतात. हाती लागते ते जांभळे बाष्प, डाग पडलेले बूच आणि थंड झाल्यावर पुन्हा तेच स्फटिक.

थोडे इथेनॉल घालावे, हा दुसरा विचार. अल्कोहोलमध्ये आयोडीन चांगले विरघळते, तेही त्याच कारणाने: ऑक्सिजनची एकाकी जोडी त्या रिकाम्या सिग्मा-स्टारकडे झुकते. म्हणून हेक्झेनमध्ये बाष्पासारखे जांभळे दिसणारे आयोडीन अल्कोहोलमध्ये तपकिरी दिसते. पण अल्कोहोल जास्त झाले की स्टार्चचा निळा रंग फिका पडतो. टायट्रेशनला ते नको.

मोजलेली तीव्रता ०.०४५० हाच फॅक्टर (हिशेबातला दुरुस्तीचा आकडा) धरून पुढे जावे, या पर्यायावर सर्वाधिक वेळ गेला. आकड्यांच्या दृष्टीने तो बरोबर होता आणि खर्च शून्य. अडचण अशी की ती तीव्रता त्या फ्लास्कची त्या वेळेपुरती होती. फ्लास्क हलवला की स्फटिक वर येतात, ब्युरेटमध्ये जातात, तोटीत अडकतात. द्रावण संपृक्त असल्याने आयोडीन उडतही राहणार. ज्या द्रावणाची तीव्रता टिकत नाही त्याला फॅक्टर लावून उपयोग नाही, असे मत पडले आणि ते योग्यच होते.

चौथा पर्याय आहे त्याच द्रावणात केआय वाढवण्याचा. पाचवा, मुळात द्रावणच निम्म्या तीव्रतेचे करण्याचा. सहावा, आयोडीनचे द्रावण साठवूच नये, कॉनिकल फ्लास्कमध्येच आयोडेटपासून ते तयार करावे हा. हे तिन्ही टिकले, आणि तिन्ही वेगवेगळ्या कामी आले.

केलेली कार्यवाही

त्या दिवशी फ्लास्कमध्ये सुमारे ६०० मिली द्रावण शिल्लक होते. दुसऱ्या विभागाकडून उसने आणलेले १५ ग्रॅम केआय त्यात थेट घातले, म्हणजे लिटरमागे एकूण ४० ग्रॅमचे प्रमाण झाले. बूच लावून अधूनमधून हलवले. पंधरा मिनिटांच्या आत स्फटिक नाहीसे झाले आणि टॉर्चच्या उजेडात तळ स्वच्छ दिसला.

इथे एक फसगत होऊ शकली असती. स्फटिक विरघळले म्हणजे द्रावण ०.०५ मोलर झाले, असे समजून तेच लेबल लावणे सोपे होते. पण वरचे ४०० मिली सकाळपासून वापरले गेले होते आणि तळाचे स्फटिक मात्र पूर्ण लिटरचे होते. म्हणून ते उरलेल्या ६०० मिलीत विरघळले तेव्हा तीव्रता ०.०५ च्या वर गेली. २५ मिलीला २६.४ मिली हायपो लागला: ०.०५२८. लेबलवर हा आकडा, तारीख आणि केआयचे प्रमाण लिहिले गेले.

हायपोच्या टायट्रेशनमध्ये स्टार्च शेवटी, रंग गवती पिवळा झाल्यावर घातला. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला तर आयोडीनच्या साखळ्या स्टार्चच्या वेटोळ्यात घट्ट बसतात, हळू सुटतात आणि एंड पॉइंट लांबतो. क जीवनसत्त्वाच्या टायट्रेशनमध्ये उलट असते. तिथे आयोडीन थेंबाथेंबाने येते, त्यामुळे स्टार्च सुरुवातीलाच चालतो.

दुसऱ्या दिवशी गोळीचे खरे वजन स्वतंत्रपणे ठरवायला आयोडेटची पद्धत वापरली. २.१४० ग्रॅम पोटॅशियम आयोडेट १ लिटरमध्ये, म्हणजे ०.०१ मोलर. गोळीच्या द्रावणाचे १० मिली, त्यात अर्धा ग्रॅम केआय, ५ मिली १ मोलर सल्फ्युरिक आम्ल, स्टार्च, आणि ब्युरेटमध्ये आयोडेट. आयोडेटचा एक आयन आम्लात पाच आयोडाइडबरोबर आयोडीनचे तीन रेणू देतो आणि ते जन्मताच अॅस्कॉर्बिक आम्ल संपवते. उडून जायला वेळच मिळत नाही. १ मिली आयोडेट म्हणजे ५.२८ मिलिग्रॅम. रीडिंग ९.६ आले, गोळी ५०७ मिलिग्रॅमची ठरली. म्हणजे कंपनीने जास्त भरले होते हे खरे, पण ते सात मिलिग्रॅमच. बाकीचे पन्नासहून अधिक मिलिग्रॅम द्रावणातल्या त्रुटीचे होते.

पुढच्या बॅचसाठी ०.०२५ मोलर द्रावण केले: ६.३५ ग्रॅम आयोडीन आणि २० ग्रॅम केआय, १ लिटर. केआय जुन्या रीतीइतकेच, आयोडीन निम्मे. गोळीचे द्रावण २० ऐवजी १० मिली घ्यायचे, त्यामुळे ब्युरेटचे रीडिंग तेवढेच राहते आणि अचूकतेत फरक पडत नाही. या द्रावणात मोकळे आयोडीन सुमारे ०.०००३७ मोलर असते, संपृक्त द्रावणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाष्पही त्याच प्रमाणात कमी.

वर्गात हे दाखवायला दोन परीक्षानळ्या पुरल्या. एकीत १५ ग्रॅमच्या रीतीचे नव्याने केलेले ५ मिली द्रावण, दुसरीत तेवढ्याच आयोडीनचे पण ४० ग्रॅम केआयचे. दोन्हींत २ मिली हेक्झेन घालून बूच लावून हलवले. बर्नर आधीच बंद केले होते, कारण हेक्झेन पेट घेते. वर तरंगणारा हेक्झेनचा थर पहिल्या नळीत गर्द जांभळा, दुसरीत बराच फिका. खालचे दोन्ही थर एकसारखे गडद तपकिरी. हेक्झेनकडे आयोडीनला द्यायला एकाकी जोडी नसते, म्हणून तिथे रेणू मोकळा राहतो आणि बाष्पाचाच रंग दाखवतो. तो रंग किती गडद, यावरून पाण्यात किती आयोडीन मोकळे आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळते. आयोडीन रेणूचा जांभळा रंगही पाय-स्टारमधला इलेक्ट्रॉन त्याच रिकाम्या सिग्मा-स्टारमध्ये उडी मारतो तेव्हाचा, हे तिथेच सांगता आले.

निष्पत्ती

नव्या द्रावणाने सकाळ आणि दुपारच्या बॅचमधला फरक ०.१ मिलीच्या आत आला. बीकरवर घड्याळ-काच आणि ब्युरेटच्या तोंडावर लहान टोपी ठेवायला सुरुवात झाली, त्याचाही यात वाटा आहे. दोन्ही उपाय एकदम केल्यामुळे कोणाचा किती, हे वेगळे सांगता येत नाही.

आधीच्या दोन बॅचच्या वह्या परत घेतल्या. रीडिंग खोडायला सांगितले नाही. सकाळच्या बॅचला ०.०४५०, दुपारच्या बॅचला ०.०४३४ ही तीव्रता देऊन खाली नवा हिशेब करायला लावला. दुपारच्या बॅचचा आकडा थोडा ढोबळ राहिला, कारण त्यांचे आयोडीन प्रयोग चालू असतानाही उडतच होते आणि मोजणी शेवटी एकदाच झाली होती.

पुन्हा वेळ आली तर

सर्वांत मोठा निर्णय टायट्रेशनच्या आधी घ्यायला हवा होता: बॅच सुरू होण्यापूर्वी आयोडीन हायपोने एकदा तपासणे. आयोडीन तोलून केलेल्या द्रावणाची तीव्रता वजनावरून धरू नये, हे प्रत्येक प्रात्यक्षिक पुस्तकात असते. वेळ वाचवायला ते गाळले जाते. दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते केले असते तर सकाळी नऊलाच २२.५ हा आकडा समोर आला असता.

केआय कमी करण्याचा निर्णयही चुकला तो दिशेत, हेतूत नव्हे. बचत करायचीच तर आयोडीन आणि आयोडाइड दोन्ही एका प्रमाणात कमी करायला हवी होती. नुसता आयोडाइड कमी केला तर महागडे आयोडीन तळाशी पडून राहते. अर्थात दोन्ही निम्मी करून १० ग्रॅम केआयवर ०.०२५ मोलर द्रावण केले असते तरी मोकळे आयोडीन ०.०००९ मोलरच्या आसपास राहिले असते. स्फटिक पडले नसते, पण उडणे चालूच राहिले असते. म्हणून २० ग्रॅम.

तपासणीच्या क्रमाबद्दल विभागात मतभेद राहिला. काहींच्या मते उलटसुलट चाचण्यांत वेळ घालवण्यापेक्षा थेट हायपोवर जायला हवे होते. वेळ वाचला असता हे खरे. पण दोष आयोडीनमध्ये आहे हे आधी ठरल्यामुळेच फ्लास्क आणि बीकर यांतले द्रावण वेगवेगळे तपासायचे सुचले. नुसता फ्लास्क तपासला असता तर ०.०४५० मिळून समाधान झाले असते आणि दुपारचा फरक तसाच राहिला असता.

आयोडेटची पद्धत कायमची स्वीकारावी का, यावरही चर्चा झाली. अचूकतेत ती सरस आहे आणि द्रावण महिनोन्महिने टिकते. पण प्रत्येक फ्लास्कमागे अर्धा ग्रॅम केआय लागते, म्हणून मोठ्या वर्गाला ती स्वस्त पडत नाही. ती शिक्षकांनी गोळीचे खरे वजन ठरवण्यासाठी ठेवायची आणि विद्यार्थ्यांनी आयोडीनचेच द्रावण वापरायचे, असे ठरले.

तयारीच्या कागदावर आता चार गोष्टी वाढल्या आहेत. आयोडीन बुचाच्या वजनबाटलीतच तोलायचे, उघडे तोलले तर तराजूच्या पात्राला गंज चढतो. रबरी बूच वापरायचे नाही, आयोडीन रबर खाते. द्रावण लहान तपकिरी बाटल्यांत तोंडापर्यंत भरून अंधारात ठेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी बाटली तिरपी करून टॉर्चने तळ पाहायचा. सांडलेले आयोडीन पुसायला हायपोची बाटली बाकावर ठेवायची, हे आधीपासून होतेच.

नव्या मागणीपत्रात केआयचे वजन आयोडीनच्या तिप्पटीहून थोडे जास्त धरले आहे.